हिराताईंचे भरपगारी दिवस

माझी सून घरातूनच ऑफिस करते. परवा दुपारी ती लॅपटॉपसमोर हात टेकून बसली होती. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आई, रजा टाकली, तर अ‍ॅपनंच नाकारली. माणसानं बघितलीसुद्धा नाही."

मी मेथी निवडत होते. काडी हातातच राहिली. आमचा सानपाड्यातला चौथा मजला, खिडक्या लावलेल्या, पंखा मंद. आणि त्या हॉलमध्ये मला चक्क तापलेल्या रबराचा वास आला. वासामागून, आपलंच घर असल्यासारख्या, हिराताई आल्या.

पावणे गावातल्या आमच्या कारखान्यात रबराची सीलं बनायची. चार प्रेस, एक बॉयलर, चाळीसेक माणसं. पत्र्याखाली कायम वाफ तरंगत असायची. दुपारचं ऊन वरच्या फटींतून तिरकं आत शिरलं, की त्या वाफेत माणसं पाण्याखाली चालल्यासारखी संथ दिसायची. फाटकाशेजारच्या खोलीत हिराताई म्हात्रे बसायच्या. हजेरी आणि रजा त्यांच्याकडे. आतल्या काचेच्या केबिनमध्ये मी. पगार, पगारातून कापायचा कर आणि सरकारला पाठवायची विवरणपत्रं माझ्याकडे.

मी म्हणजे तेव्हाची मी. तिची ओळख करून द्यायलाच हवी. त्रेचाळीस वर्षांची, मुलगा कॉलेजात गेल्यावर पुन्हा नोकरीला लागलेली, सहा महिन्यांचा संगणकाचा कोर्स केलेली आणि त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून पर्समध्ये घेऊन फिरणारी बाई. आज ती माझ्यासमोर आली, तर मी तिच्या लॅमिनेशनवर गरम चहाचा कप ठेवीन.

पहिल्या दिवशी मी फाटकातून आत आले तेव्हा हिराताई खिडकीत होत्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, अबोलीचा गजरा, नाकात जुनी मोरणी. मला वाटलं, नाव विचारतील. त्यांनी विचारलं, "रजा कवा घेनार?"

"अहो, आज माझा पहिलाच दिवस आहे."

"म्हनूनच इचारतंय. मागाहून लोक लाजतात."

मी मान ताठ केली. "मी रजा घेत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण ताप आलेल्या माणसाकडे बघतो. मग बाकड्यावरचा डबा माझ्याकडे सरकवला. "भाकर खा जरा. बरं वाटंल."

हिराताई पावण्याच्याच. ज्या जमिनीवर कारखाना होता, ती त्यांच्या वडलांची भाताची खाचरं. औद्योगिक वसाहत आली, जमीन गेली आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती हिराताईंना. त्याबद्दल त्यांना कधी रडताना किंवा भांडताना मी पाहिलं नाही. फक्त कारखान्यात त्या चालायच्या वेगळ्या. आम्ही सगळे रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्यांमधून जायचो. हिराताई मध्येच वळायच्या, एखाद्या मोकळ्या जागेला वळसा घालायच्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रेसच्या मधून सरळ रेषेत पाय टाकत जायच्या. मी एकदा विचारलंच, असं का चालता? तर म्हणाल्या, "इथनं बांध गेलाय ना." सिमेंटच्या खाली, वीस-पंचवीस वर्षं पुरलेला बांध. त्या अजून त्याच्यावरून चालत होत्या, आणि खरं सांगते, त्यांच्या मागून चालताना मलाही दोन्ही बाजूंना पाणी असल्यासारखं वाटायचं.

रजेबाबत त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. रजा मागायची नसते, सांगायची असते, हे पहिलं कलम. वीस दिवस राबलं की एक दिवस माणसाच्या नावावर जमा होतो, असं कायद्यात आहे. पण हिराताईंच्या तोंडून ते ऐकलं की कायदा वाटायचा नाही. झाडाला फळ धरण्याबद्दल बोलतायत असं वाटायचं. "तुजा एक पिकलाय, गजानन. काढून घे, नायतर गलून जाईल." आणि गजानन, तिसऱ्या प्रेसवरचा, खरोखरच मान वर करून बघायचा.

रजापुस्तकात कारणाचा एक रकाना होता. सगळे 'घरगुती काम' लिहायचे. हिराताई खरं कारण तोंडी विचारायच्या आणि पोटात ठेवायच्या. ह्याच गजाननला एकदा कारण सांगता येईना. चुळबुळ, चुळबुळ. शेवटी म्हणाला, "ताई, काय नाय. नुसतं झोपायचंय. दिवसभर. पोरं शाळेत गेल्यावर."

मी केबिनमधून ऐकत होते आणि ओठ दाबून हसत होते. हिराताईंनी पेन उचललं, रकान्यात 'घरगुती काम' लिहिलं आणि म्हणाल्या, "मंग हे काय भाईरचं काम हाय? झोप."

उधाणाच्या भरतीचे दिवस त्यांना तोंडपाठ. त्या दिवशी गावातली चार-पाच माणसं हमखास गैरहजर असायची. खाडीच्या कडेला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मिळतात म्हणून. हिराताई आदल्या दिवशीच शेठना सांगून ठेवायच्या, उद्या दुसरी प्रेस बंद ठेवा. मी नवीन होते तेव्हा ह्या गैरहजेरीचा शोध लावायचं ठरवलं. तीन महिन्यांचे आकडे संगणकात भरले, रंगीत आलेख काढला आणि शेठना दाखवला: सर, दर पंधरा दिवसांनी हजेरी कोसळते, कारण अज्ञात! शेठनी आलेख हिराताईंकडे धरला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "अमावास्या-पुनव हाय ही. छान काढलीय गो बाय, रंग भरून." पुढं तो आलेख त्यांनी आपल्या खोलीत गणपतीच्या तसबिरीशेजारी चिकटवला. चेष्टेनं नव्हे. खरंच आवडला होता त्यांना.

पण हिराताई मला सगळ्यात जास्त आठवतात त्या तिमाही संपताना. दर तीन महिन्यांनी आमच्याकडे सगळ्याचा ताळा व्हायचा. पगारातून कापलेल्या कराचं विवरणपत्र भरायचं, कुणाचे किती दिवस भरले, किती भरपगारी, किती बिनपगारी, त्याचा तक्ता करायचा, त्यातूनच कामगार विम्याचे दिवस कळवायचे. मी त्या आठवड्यात दात-ओठ खात असे. हिराताई मात्र पाहुणे यायचे असल्यासारख्या टेबल पुसून, नवा गजरा माळून माझ्या केबिनमध्ये येऊन बसायच्या. त्या पुस्तकातून वाचायच्या, मी टाइप करायची.

"सुरेश. हजर, हजर, हजर, सुट्टी. हजर, हजर, भरपगारी. हजर."

तो आवाज कसा सांगू? खालच्या पट्टीतला, एका लयीतला, न थांबणारा. चाळीस माणसांचे तीन महिने त्या आवाजात हळूहळू वाहत जायचे. कुठं सुरेशच्या बहिणीचं लग्न, कुठं गजाननची झोप, कुठं कुणाची कावीळ. लिहिलेलं असायचं फक्त 'भरपगारी', पण त्या शब्दाशी पोचल्या की हिराताईंचा आवाज किंचित मऊ व्हायचा, आणि मला कळायचं की इथं काहीतरी घडलं होतं. माझे डोळे जड व्हायचे. बोटं चालत असायची आणि मी कुठल्या तरी उबदार पाण्यावर तरंगत असायची. आयुष्यात मला कुणी एवढ्या प्रेमानं आकडे वाचून दाखवले नाहीत.

आणि ही गोष्ट बंद कुणी केली? मीच.

एका थंडीत फाटकावर अंगठा लावायचं यंत्र बसलं. मी हर्षानं वेडी झाले. अंगठा लावला की हजेरी थेट माझ्या संगणकात! त्या तिमाहीला हिराताई पुस्तक घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना दारातच म्हटलं, "आता वाचायची गरज नाही हो ताई. यंत्र सगळं सांगतं."

त्या दारात उभ्या राहिल्या. टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. गजरा माळलेला होता, तो मागून दिसला.

त्याच थंडीत सविता कामाला लागली होती. साताऱ्याकडची, तेवीस-चोवीस वर्षांची, नवरा टेम्पो चालवायचा. पावणे गावात भाड्याची खोली. सीलांच्या कडेला जादा रबर असतं, ते कात्रीनं कापायचं काम. उभ्यानं. काही महिन्यांनी तिला दिवस गेले. ही गोष्ट तिनं नवऱ्याच्या आधी हिराताईंना सांगितली असावी, असा माझा संशय आहे. आधीच्या नोकरीत, अशीच उभी असताना, तिचं एक मूल पोटातच गेलं होतं. डॉक्टरनं बजावलं होतं, सातव्या महिन्यानंतर उभं राहायचं नाही. म्हणजे बाळंतपणाची भरपगारी रजा मिळाली तर ती घरी झोपून राहू शकणार होती. नाही मिळाली तर उभी राहणार होती. मधलं काही नव्हतं.

ह्या रजेचे पैसे कामगार विम्यातून मिळतात; कागद विमा कार्यालयात गेले आणि परत आले. ठरल्या मुदतीत सत्तर दिवसांचा पगार मिळालेला असावा लागतो. तिचे सहासष्ट.

सविता कागद घेऊन फाटकाच्या खोलीत आली. मी काचेतून बघत होते. हिराताईंनी तिला आधी स्टुलावर बसवलं. मग रजापुस्तक उघडलं आणि एक बोट त्या थंडीच्या रकान्यांवरून हळूहळू फिरवलं. बोट एका जागी थांबलं. मग पुस्तक कडेवर घेऊन त्या माझ्या केबिनमध्ये आल्या.

"सवीचे बहात्तर हायेत."

"यंत्रात सहासष्ट आहेत. यंत्र खोटं बोलत नाही, ताई." हे मी म्हटलं. स्वतःच्या तोंडानं.

"बॉयलर उघडला व्हता ना सा दिवस? दुरुस्तीला. फाटक बंद, पन पगार चालू. भरपगारी रजा दिल्ती सगल्यांना. बंद फाटकावर अंगठा कोन लावनार?"

मी त्या महिन्याचा पगाराचा तक्ता उघडला. पगार बरोबर गेला होता, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. दिवस मात्र मी यंत्रातले उचलून जसेच्या तसे कळवले होते. आणि एकट्या सविताचे नव्हे. चाळीसच्या चाळीस माणसांचे सहा-सहा दिवस मी पुसून टाकले होते. वाचून घेतलं असतं तर त्या सहा रकान्यांशी हिराताईंचा आवाज मऊ झालाच असता.

हिराताई रागावतील असं वाटलं. त्यांनी माझ्या टेबलावरचं पाणी मला पाजलं आणि म्हणाल्या, "चाल, शेठकडं जाऊ."

शेठ वाईट माणूस नव्हता. भित्रा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि कपाळ चोळलं. "ऑफिसनी चाळीस लोकांचे दिवस चुकीचे कळवले, असं लिहून दिलं तर तपासणी लागणार. आधीच्या सगळ्या तिमाह्या उघडणार. त्यापेक्षा असं करू, टाइमकीपरकडून एका बाईचे दिवस लिहायचे राहिले. निष्काळजीपणा. एका बाईचं दुरुस्तीपत्र, संपला विषय." हे बोलताना तो हिराताईंकडे बघत होता. माझ्याकडे नाही.

मी कुठं बघत होते? भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. त्यावर एका सिमेंट कंपनीचं धरण होतं. त्या धरणाचे दरवाजे मी मोजले. अकरा. आज मला बाकी काही आठवो न आठवो, ते अकरा दरवाजे आठवतात. "शेठ, चूक माझी आहे," हे चार शब्द होते. तोंडापर्यंत आले होते. पण पर्समध्ये ते लॅमिनेशन होतं ना!

हिराताईंच्या पुस्तकात एवढ्या वर्षांत एकही खाडाखोड नव्हती. पांढरी शाई त्यांनी कधी हातात धरली नव्हती. त्यांनी क्षणभर पुस्तकावर तळवा ठेवला, तापल्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणाल्या, "कागद द्या."

तिथंच, शेठच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, त्यांनी मराठीत लिहायला घेतलं. 'मी, हिरा म्हात्रे, टाइमकीपर. माझ्याकडून चूक झाली ती अशी.' अक्षर मोठं, गोल, रांगोळीसारखं. लिहितायत, लिहितायत. एक पान संपलं, दुसरं घेतलं. शेठ अस्वस्थ. शेवटी कागद हातात आला तेव्हा तो ओरडलाच, "हे काय? एकीचं पाहिजे होतं! ह्यात सगळ्यांची नावं आहेत!"

"व्हय. चालीस."

"अहो पण—"

"शेठ, चूक माझ्या नावावर लावायची ना? मंग लागली. पन ती केवढी हाय, ते मी सांगनार." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उद्या गजाननच्या बायकोला दिवस गेले, कोन पडला, कोनाला पडून ऱ्हायला लागलं, तवा परत चार दिवस कमी पडायला नकोत. त्यांचे दिवस हायेत ते. आपले नायत."

फाटकाच्या खोलीत स्टुलावर सविता बसलेली शेठला काचेतून दिसत होती, दोन्ही हात पोटावर. त्यानं सही केली.

पुढं विमा कार्यालयातून एक अधिकारी आले. रजापुस्तक पानापानानं चाळलं, सगळं जुळलं, जाताना म्हणाले, "असं पुस्तक बघायला मिळत नाही हल्ली." सविताची रजा मंजूर झाली. हिराताईंच्या सेवापुस्तकात मात्र 'निष्काळजीपणा' हा शब्द लाल शाईत चढला. तो चढवायचं काम माझ्याकडे होतं. मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची. नारळ दरवर्षी हिराताई वाढवायच्या, जमीन त्यांची म्हणून. त्या वर्षी शेठ म्हणाला, ह्या वेळी मॅडम वाढवतील, कॉम्प्युटरचं काम एवढं छान करतात. आणि मी, नवी पैठणी नेसलेली, पुढं झाले! पहिला फटका, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला नारळ हातातून निसटला आणि गडगडत प्रेसखाली गेला. हिराताईंनी लुगडं खोचलं, प्रेसखाली हात घालून नारळ काढला, माझ्या हातात दिला, माझा हात आपल्या हातात धरला आणि दोघींनी मिळून तो फोडला. मग टाळ्या वाजवल्या. त्यांनीच पहिल्यांदा.

त्यानंतर रोज मी ठरवायची, आज सांगते शेठला. रोज काही ना काही आडवं यायचं. कधी वीज गेली, कधी शेठचा मूड, कधी माझी ॲसिडिटी. भित्र्या माणसाला कारणांची टंचाई कधी भासत नाही. माझा तर रकाना भरून वाहत होता.

पौषात हिराताई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्या नावावर तीस दिवसांची रजा शिल्लक निघाली. मी हिशेब करून पैसे किती होतात ते सांगायला गेले, तर म्हणाल्या, "पैशे नको गो. दिवस दे." म्हणजे एक महिना आधीच घरी. समारंभ, शाल, काही झालं नाही. लाल शाई होती ना. एका सोमवारी फाटकाची खोली रिकामी होती आणि खिडकीत अंगठ्याचं यंत्र हिरवं लुकलुकत होतं.

त्या महिन्याच्या अखेरीस तिमाही आली. कराचं विवरणपत्र भरून द्यायला मी फाइल घेऊन रिक्षानं निघाले होते. खाडीकडच्या रस्त्यावर पाइप टाकायचं काम चालू होतं. रिक्षावाला म्हणाला, मॅडम, पुढून चालत जा, पलीकडं दुसरी मिळेल. उतरले. सकाळचे अकरा, कामाचा वार. ओहोटी लागलेली. चिखल रुप्यासारखा चमकत होता, दूर पाण्यात रोहित पक्ष्यांचे गुलाबी ठिपके, आणि हवा इतकी स्तब्ध की वसाहतीची घरघरसुद्धा कुठं तरी दुसऱ्या गावाहून आल्यासारखी वाटत होती.

बंधाऱ्यावर, तिवरांच्या झाडांच्या सावलीत, दोन बायका बसल्या होत्या. एक हिराताई. दुसरी सविता, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपलेली, तोंड किंचित उघडं. हिराताईंच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी लहानसं. त्या काहीही करत नव्हत्या. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काही न करताना बघत होते.

मला बघून त्यांनी भुवया उडवल्या. "तिमाही?"

"हो."

"जमतंय?"

मी जवळ गेले. काय झालं कोण जाणे, मी फाइल छातीशी धरून एका दमात, चांगल्या खणखणीत आवाजात बोलून टाकलं. "हिराताई, ती चूक माझी होती. मी शेठला सांगणार आहे. आजच सांगणार आहे. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, मी—"

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"मना ठाव हाय गो," हिराताई म्हणाल्या. "हलू बोल. पोर निजलंय."

दुपट्यातून एक मूठ बाहेर आली होती, अक्रोडाएवढी. ती एकदा उघडली आणि परत मिटली. सविता हललीसुद्धा नाही. हिराताईंनी हातानंच मला खूण केली, जा तू, तुजं काम कर. आणि पुन्हा पाण्याकडे तोंड वळवलं.

चपलांचा आवाज होऊ नये म्हणून मी त्या काढून हातात घेतल्या आणि बंधाऱ्यावरून अनवाणी, पाऊल जपून टाकत, कारखान्याच्या दिशेनं परत निघाले. शेठ दुपारी दोनपर्यंत असायचा.